मेण आणि वीट : शेतीतल्या प्लॅस्टिकचे दोन प्रकार

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमात दिलेले भाषण)



आजचा विषय आहे प्लॅस्टिक. तुम्ही म्हणाल, शेतीच्या कार्यक्रमात प्लॅस्टिक कशाला? पण जरा आपल्याच मळ्यात नजर फिरवा. विहिरीपासून शेतापर्यंत गेलेली पाईपलाईन प्लॅस्टिकची. ठिबकच्या नळ्या प्लॅस्टिकच्या. घरावरची पाण्याची काळी टाकी, शेततळ्यातला कागद, खताची गोणी, औषधाचा कॅन, फवारणीचा पंप, सगळे प्लॅस्टिकचे. मोटारीच्या स्टार्टरमधले काळे भाग, वायरवरचे आवरण आणि घरात कुकरची मूठ, हेही प्लॅस्टिकच. बैलगाडीच्या काळात लोखंड आणि लाकूड ओळखता आले की भागत असे. आता प्लॅस्टिकही ओळखता आले पाहिजे. ते ओळखता आले नाही म्हणजे काय होते, ते आधी सांगतो.

मागच्या एका उन्हाळ्यात मी एका गावी गेलो होतो. ऊस पाण्याला आलेला. लाईट रात्रीची. एका शेतकरीदादांना पाईपलाईनमध्ये एक पाईप नवा बसवायचा होता. जोडायचा कपलर घरात नव्हता. त्यांनी पाचटाचा जाळ केला, जुन्या पाईपचे तोंड त्यावर शेकले, ते मऊ झाल्यावर फुगवले आणि नवा पाईप त्यात घातला. वरून सोल्युशन फासले आणि रात्री लाईट येताच मोटार चालू केली. तासाभरात पाईप नेमका शेकलेल्या जागी फाटला. पाणी रस्त्यावर, ऊस कोरडा आणि पाळी वाया गेली.

त्याच दादांच्या स्टार्टरचे काळे झाकण तडकलेले होते. पाईप मऊ होतो, तर हेही होईल, अशा विचाराने त्यांनी उलथने लाल करून तडीवर टेकवले होते. झाकण काही जुळले नाही. तेवढी जागा जळून तिचा कोळसा झाला. मग त्यावर टेप गुंडाळून त्यांनी काम चालू ठेवले होते. टेपखाली दाबाची वीज आणि खाली ओली जमीन. सुदैवाने काही वाईट झाले नाही, पण व्हायला कितीसा वेळ लागतो?

आता पाहा, दोन्ही वस्तू प्लॅस्टिकच्याच. एक पाचटाच्या जाळावर मऊ झाली, दुसरी लाल उलथन्यालाही दाद देईना. असे का? कारण प्लॅस्टिकचे मुळात दोन प्रकार आहेत. आजचे माझे सारे बोलणे या दोन प्रकारांवर आहे.

मेण आणि वीट

मेणबत्तीचे मेण तापवले की वितळते, गार झाले की घट्ट होते. पुन्हा तापवा, पुन्हा वितळेल. दहा वेळा करा, मेण ते मेणच. काही प्लॅस्टिके अशीच असतात. त्यांना थर्मोप्लॅस्टिक म्हणतात. पुस्तकी मराठीत ऊष्मामृदू, म्हणजे उष्णतेने मऊ होणारे.

आता वीट घ्या. कच्ची वीट पाण्यात टाकली तर तिचा पुन्हा चिखल होतो. पण एकदा का भट्टीत भाजली, की ती पाण्यात ठेवा नाहीतर पुन्हा भट्टीत घाला, तिचा चिखल होणे नाही. काही प्लॅस्टिके या विटेसारखी असतात. कारखान्यात साच्यात घालून ती एकदाच पक्की होतात. त्यानंतर ती वितळत नाहीत. फारच तापवली तर करपतात. त्यांना थर्मोसेटिंग प्लॅस्टिक म्हणतात, म्हणजेच ऊष्मादृढ. आपण आपल्या सोयीसाठी पहिल्याला ‘मेणजातीचे’ आणि दुसऱ्याला ‘विटेजातीचे’ म्हणू या.

हा फरक कशामुळे पडतो? प्लॅस्टिक हे लांबच लांब रेणूंचे बनलेले असते. मेणजातीत हे रेणू कडब्याच्या पेंढीतल्या ताटांसारखे एकमेकांशेजारी नुसते पडलेले असतात. उष्णता मिळाली की ते एकमेकांवरून घसरू लागतात आणि वस्तू मऊ होते. विटेजातीत हेच रेणू बाजेच्या सुंभासारखे एकमेकांत विणून गाठी मारून टाकलेले असतात. कितीही तापवले तरी ही वीण घसरत नाही. अति झाले तर तुटते, आणि एकदा तुटली की ती पुन्हा बसत नाही.

मेणजातीत येतात पीव्हीसी, पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन आणि नायलॉन. म्हणजे आपला राखाडी किंवा पांढरा पाईप, काळा पाईप, ठिबकची नळी, मल्चिंगचा कागद, खताची गोणी आणि दोर. विटेजातीत येतात बॅकेलाईट, मेलामाईन, फायबरच्या वस्तूंतले रेझिन आणि दोन भाग कालवून लावायचे इपॉक्सी. म्हणजे स्टार्टरमधले काळे भाग, कुकरची मूठ, मेलामाईनच्या ताटल्या, फायबरचे पत्रे. गाडीचा टायर आणि ट्यूबही वागायला विटेसारखीच. रबरात गंधक घालून ते तापवले म्हणजे त्याच्या रेणूंच्याही गाठी बसतात. म्हणून फाटलेली ट्यूब वितळवून जोडता येत नाही, तिला ठिगळच लावावे लागते.

यातले बॅकेलाईट जुने. लिओ बेकलँड या बेल्जियममध्ये जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत १९०७ साली ते तयार केले. ते उष्णतेला टिकते आणि विजेला अडवते, म्हणून विजेच्या सामानात त्याने जागा मिळवली. पॉलिथिन त्यानंतरचे. १९३३ साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगशाळेत दुसराच प्रयोग चालू असताना ते अचानक हाती लागले.

घरच्या घरी कसे ओळखावे?

यासाठी प्रयोगशाळा नको. वस्तूचा टाकाऊ तुकडा घ्या. विजेच्या चालू वस्तूवर मात्र हे प्रयोग मुळीच करू नका.

पहिली खूण चाकूची. कडेचा थोडा भाग चाकूने तासून पाहा. मेणजातीची सालपटासारखी वळलेली पट्टी निघते. विटेजातीची भुकटी नाहीतर कपची निघते.

दुसरी खूण सुईची. दाभण सांडशीत धरून तापवा आणि तुकड्याला टोचा. हे काम उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेला पाठ करून करा. मेणजातीत सुई शिरते आणि काढताना तार सुटते. विटेजातीत ती शिरत नाही, नुसता डाग पडतो आणि उग्र वास येतो.

तिसरी खूण पाण्याची. ही दोन जातींतला फरक सांगत नाही, पण मेणजातीतला पोटप्रकार सांगते. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात. पीव्हीसी बुडते. पाईप जोडताना हे फार उपयोगी पडते. का, ते पुढे सांगतो.

चौथी खूण छापाची. डबा, कॅन यांच्या बुडाला बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो. २ म्हणजे जाड, कडक पॉलिथिन, ३ म्हणजे पीव्हीसी, ४ म्हणजे मऊ पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १ ते ६ या आकड्यांची सगळी प्लॅस्टिके मेणजातीची आहेत.

पीव्हीसी पाईप

पीव्हीसी पाईप साधारण ८० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. म्हणजे चहाचे पाणी उकळण्याच्याही आधी. पाचटाच्या जाळाची उष्णता याच्या कितीतरी पट असते. जाळावर पाईपची एक बाजू करपते, दुसरी कच्चीच राहते. तोंड फुगवले की भिंत पातळ होते. पाईपवर जो दाब छापलेला असतो तो पूर्ण जाडीच्या, न शेकलेल्या पाईपचा. शेकलेल्या जागी तो धरायचा नाही. शिवाय पीव्हीसी जळू लागले की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडचा वायू निघतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. म्हणून वाकणासाठी तयार बेंड आणि जोडासाठी तयार कपलर आणा. हंगामाआधीच दोन-चार कपलर घरात आणून ठेवा. पाळी वाया जाण्यापेक्षा ते स्वस्तच पडतात.

जोड मारायचा तो असा. पाईप सरळ कापा. तोंडाची कूस घासून काढा. माती आणि ओल पुसा. आत किती जायचे त्याची खूण करा. दोन्ही भागांना सोल्युशन सारखे लावा, पाईप आत ढकलताना पाव वेढा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. नंतर पूर्ण दाब देण्याआधी एक दिवस जाऊ द्या. सोल्युशन हा डिंक नव्हे. ते पाईपचा पृष्ठभाग विरघळवते आणि दोन्ही भागांचे रेणू एकमेकांत मिसळतात. ते सुकायला वेळ द्यायलाच हवा.

पीव्हीसी पाईपवर आय.एस. ४९८५ हे मानक, व्यास आणि दाबाचा वर्ग छापलेला असतो. तो वाचून घ्या. हा दाब २७ अंश तापमानाला धरलेला असतो. पाईप उन्हात तापला की तेवढा दाब तो सोसत नाही. उन्हाने तो कालांतराने ठिसूळही होतो. म्हणून पीव्हीसी पाईपलाईन जमिनीत गाडलेलीच बरी.

आणखी एक. फूटव्हॉल्व्ह गळका असला आणि पंप कोरडा फिरला, तर पंपातले उरलेले पाणी उकळू लागते आणि पंपाला लागून असलेला पीव्हीसीचा जोड मऊ पडून गळू लागतो. पुष्कळ जण दरवेळी जोडच बदलतात. खरा दोष फूटव्हॉल्व्हमध्ये असतो. तो आधी दुरुस्त करा, आणि पंपाला लागून थोडा भाग जी.आय. पाईपचा ठेवा. डिझेल इंजिन असेल तर सायलेन्सरपासून प्लॅस्टिकचा पाईप दूर असू द्या.

काळा पाईप आणि पाण्याची टाकी

काळा पाईप पॉलिथिनचा. त्यात थोडी काजळी मिसळलेली असते, म्हणून तो ऊन सोसतो. आता पाण्याची खूण आठवा. जो तुकडा तरंगतो तो पॉलिथिनचा, आणि त्याला पीव्हीसीचे सोल्युशन धरत नाही. पॉलिथिन त्यात विरघळतच नाही. त्याचा जोड उष्णतेनेच करावा लागतो. दोन्ही तोंडे सपाट तासून तापवलेल्या तव्यावर टेकवतात, वितळली की तवा काढून एकमेकांवर दाबतात आणि गार होईपर्यंत हलवत नाहीत. त्या तव्याचे तापमान दोनशे अंशांच्या थोडे वर ठेवतात. कमी तापला तर जोड कच्चा राहतो, जास्त तापला तर पाईप करपतो. अंदाजाने जाळावर हे जमत नाही. हे यंत्र ज्याच्याकडे आहे त्याच्याकडूनच जोड करून घ्या, नाहीतर दाबून बसणारे तयार जॉइंट वापरा.

काळ्या टाकीचेही तेच. टाकी चिरली की आपण दोन गोळ्या कालवून लांबी थापतो. चार दिवस पाणी थांबते, मग थापलेली लांबी खपलीसारखी सुटून येते. लांबी वाईट नसते. ती विटेजातीची आहे आणि लोखंडाला, सिमेंटला चांगली धरते. पण पॉलिथिनचा अंग तुकतुकीत, त्याला ती चिकटत नाही. टाकीची चीर त्याच जातीची प्लॅस्टिकची कांडी गरम हवेने वितळवून भरावी लागते. हे काम करणारे कारागीर तालुक्याच्या गावी मिळतात.

स्टार्टर, वायर आणि मोटार

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. इथे चूक झाली तर पैशावर भागत नाही, जिवावर बेतते.

स्टार्टरच्या पेटीत दोन्ही जाती शेजारी-शेजारी नांदतात. जिथे स्क्रू, ठिणगी आणि उष्णता, तिथे बहुधा विटेजातीचे भाग असतात, कारण ते तापले तरी वितळून वाहत नाहीत. वायरवरचे आवरण मात्र बहुधा पीव्हीसीचे, मेणजातीचे. नेहमीच्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंशांची धरतात. तेव्हा वायरचे टोक मऊ झालेले किंवा ओघळलेले दिसले, तर नुसती नवी वायर घालून थांबू नका. तिथे उष्णता कुठून आली ते शोधा. पुष्कळदा स्क्रू सैल असतो, नाहीतर वायर मोटारीच्या मानाने बारीक असते. वितळलेले आवरण म्हणजे पिकावरचा पहिला डाग. तो दिसला की रोग शोधायचा असतो.

बॅकेलाईटचा भाग तडकला तर तो वितळवून जुळत नाही. ठिणगीने किंवा आगीने त्यावर काळा ओघळ पडला असेल, तर आणखी सावध व्हा. तो ओघळ कोळशाचा असतो, आणि कोळशातून वीज जाते. म्हणजे जो भाग वीज अडवायला बसवला, तोच तिला वाट करून देतो. पावसाळ्यात ओल आली की धोका वाढतो. अशा भागावर टेप, मेण, लांबी काही लावू नका. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढा आणि जाणत्या वायरमनकडून तो भाग बदलून घ्या. त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्या.

मोटार रिवाइंड करताना एक प्रश्न जरूर विचारा. विहिरीवरच्या मोनोब्लॉक मोटारीच्या तारांना वॉर्निश पाजून ते भट्टीत तापवून पक्के करतात. हे वॉर्निश विटेजातीचे. भट्टीत न घालता नुसते वाऱ्यावर सुकवले तर वीट कच्ची राहते. म्हणून कारागिराला विचारा, “वॉर्निश भट्टीत घातले का?” पाण्यात राहणाऱ्या सबमर्सिबल मोटारीची तऱ्हा वेगळी. तिच्या तारेवर बहुधा मेणजातीचे प्लॅस्टिकचे आवरण असते. कमी दाबाच्या लाईटवर किंवा कोरडी चालली की ते मऊ पडते आणि मोटार जळते. तेव्हा दाब पडला असताना मोटार रेटून चालवू नका.

फायबर आणि दोन भागांचे मसाले

फायबरचा पत्रा किंवा टाकी म्हणजे काचेच्या तंतूंवर रेझिन चढवून पक्की केलेली वस्तू. तिला उष्णता देऊन काही साधत नाही. चिरलेली जागा घासून, कोरडी करून तिच्यावर काचेच्या तंतूंचे कापड आणि रेझिन यांचे ठिगळ लावतात. रेझिन पक्के करणारे द्रव फार दाहक असते. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणेच मिसळा.

दोन भागांचा कोणताही मसाला घेताना एक ध्यानात ठेवा. इथे भट्टी लागत नाही, दोन भाग एकत्र आले की वीण बसू लागते. ती सुरू झाली की परत फिरत नाही. म्हणून लागेल तेवढाच मसाला कालवा, आणि एका डब्याचे झाकण दुसऱ्याला लावू नका.

निकामी प्लॅस्टिकचे काय करावे?

मेणजातीच्या प्लॅस्टिकला भंगारातही मोल आहे, कारण ते वितळवून पुन्हा वापरता येते. पण पीव्हीसी वेगळे, पॉलिथिन वेगळे आणि गोण्या वेगळ्या ठेवाल तरच. सगळे एकत्र, वर माती लागलेली, असा ढीग कोणी चांगल्या भावाने घेत नाही. ठिबकच्या जुन्या नळ्या आणि मल्चिंगचा कागद झटकून, गुंडाळून ठेवा. मल्चिंगचा कागद नांगरून मातीत गाडू नका. तो कुजत नाही. त्याचे तुकडे वर्षानुवर्षे राहतात आणि जनावराच्या पोटात गेले तर तिथेही पचत नाहीत.

विटेजातीचे प्लॅस्टिक वितळत नसल्याने भंगारवाला ते बहुधा घेत नाही. म्हणून ते घेतानाच चांगले घ्या आणि जपून वापरा. निकामी झाल्यावर ते वेगळे साठवून ग्रामपंचायतीच्या कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

औषधाचा रिकामा कॅन मेणजातीचा असला तरी घरात वापरायचा नाही, पाण्याला तर मुळीच नाही. तो तीन वेळा पाण्याने विसळा, विसळलेले पाणी फवारणीच्या पंपातच ओता, मग कॅनला भोके पाडून ठेवा.

आणि दोन्हीपैकी कोणतेही प्लॅस्टिक जाळू नका. पीव्हीसीच्या धुराचे मी सांगितलेच. बॅकेलाईट आणि मेलामाईनचा धूरही विषारी असतो. थंडीत शेकोटीत टायर, पाईपचे तुकडे टाकण्याची सवय असेल तर ती सोडा. शेजारी पोरेबाळे शेकत बसलेली असतात.

थोडक्यात लक्षात ठेवा

१. मेणजात तापवली की वितळते, विटेजात करपते. दुरुस्तीआधी जात ओळखा.

२. चाकूने पट्टी निघाली तर मेण, भुकटी निघाली तर वीट.

३. पाण्यात बुडणाऱ्या पीव्हीसीला सोल्युशन, तरंगणाऱ्या पॉलिथिनला उष्णतेचा जोड.

४. पीव्हीसी पाईप जाळावर शेकू नका. कपलर आणि बेंड घरात ठेवा.

५. तडकलेला किंवा काळा पडलेला स्टार्टरचा भाग बदला, जोडू नका.

६. वायर वितळली तर उष्णतेचे मूळ शोधा.

७. निकामी प्लॅस्टिक वेगळे करून ठेवा. जाळू नका, गाडू नका.

बंधूंनो, बियाणे घेताना आपण जात विचारतो, बैल घेताना दात पाहतो. तसाच प्लॅस्टिकची वस्तू हाती आली की एक प्रश्न मनाला विचारा: हे मेण की वीट? तेवढ्याने पुष्कळ पाईप, पुष्कळ मोटारी आणि कदाचित एखादा जीवही वाचेल. आज घरी गेल्यावर आधी स्टार्टरची पेटी पाहा. मेन स्विच बंद करूनच, बरं का!